मातीला पाजलेलं दूध

पाचवीच्या दिवशी, ऊन ओट्यावरून खाली उतरत असताना, कुशाबाईंनी पाच दिवसांची नात दोन्ही हातांवर उचलून थोरल्या सुनेपुढं धरली, आणि प्रतिभानं पदर छातीशी घट्ट आवळून घेत मान हलवली...

"न्हाई आत्याबाई. मी पाजणार न्हाई."

खोलीत पाचवीला जमलेल्या बायांनी माना वळवल्या. पाट्यावर हळदकुंकू वाहिलेलं होतं, सटवाईनं रात्री येऊन बाळाचं कपाळ लिहावं म्हणून कोरा कागद आणि लेखणी मांडलेली होती, उदबत्तीचा धूर वर जाऊन पत्र्याखाली ढगासारखा साचला होता. बाजेवर बाळंतीण हौसा तापानं मलूल होऊन पडली होती. तिला दूध धड उतरलंच नव्हतं. आणि या घराची एक रीत होती, मेंढरं घेऊन गावोगाव फिरायच्या दिवसांपासूनची. घरात दोन जावा एकाच वेळी लेकुरवाळ्या असल्या, की पाचवीला नव्या बाळाला थोरलीनं अंगावर घ्यायचं. एका दुधाची लेकरं मोठेपणी बांधावरून भांडत नाहीत, असं जुनी माणसं सांगत. सासरे आबा आणि त्यांचे चुलतभाऊ असेच एका दुधाचे होते.

"काय म्हणलीस?" कुशाबाईंना खरंच ऐकू गेलं नसावं.

"नवस हाय माझा. तीन महिनं कुणालाच अंगावर पाजायचं न्हाई."

"कुणाला बोललीस ह्यो नवस?"

"बिरोबाला."

"बिरोबा धनगराचा देव हाय बाई. त्यो लेकराच्या तोंडचं दूध मागत न्हाई कवा."

शेजारच्या भामाबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "आपल्या सोताच्या पोराला बी तोडलंय म्हणं, आठ महिन्यांच्याला. दवाखान्यात नोकरी करती ना, तिथल्या बायांचं बघून फिगर-बिगर सांभाळत आसंल."

दोघीतिघी हसल्या. कुशाबाई हसल्या नाहीत. त्यांनी नात पुन्हा हौसाच्या कुशीत ठेवली, आणि प्रतिभाकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर प्रतिभाला पुढं कितीतरी दिवस भाकरीच्या घासातही दिसत राहिली. चुलीपाशी नणंद कस्तुराबाई पुरणाची पोळी लाटत होती. तिचं लाटणं थांबलं होतं. तिनं मान वर केली, प्रतिभानं डोळ्यांनीच तिला नको म्हटलं, आणि लाटणं पुन्हा हलू लागलं.

बारा दिवसांपूर्वी, एका मंगळवारी, हे सगळं घडलं होतं.

मांडवगण फराट्याहून प्रतिभा रोज सकाळच्या एसटीनं शिरूरला जायची. तिथल्या एका लहानशा खासगी दवाखान्यात ती आयाचं काम करता करता सलाईन लावायला, इंजेक्शन द्यायला शिकली होती. नवरा धुळाजी रांजणगावला कंपनीत. आठवडाभर शिफ्टा करून कारेगावच्या खोलीवर राहायचा आणि रविवारी घरी यायचा. कस्तुराबाई ही धुळाजीची थोरली बहीण. दौंडला दिली होती. नवरा वेल्डिंगचं काम करायचा, दोन वर्षांपूर्वी खोकून खोकून गेला. टीबी होता, असं सगळ्यांना माहीत होतं. तेव्हापासून नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन ती माहेरीच राहत होती आणि गावच्या अंगणवाडीत खिचडी शिजवत होती. पोरं तिला खिचडीवाली आत्या म्हणायची.

त्या मंगळवारी कस्तुराबाईचा ताप उतरेना म्हणून प्रतिभाच तिला बरोबर घेऊन गेली होती. "चला वन्सं, मी हाय तिथं. एक बाटली चढली की बरं वाटंल." इंजेक्शन देऊन झालं. वापरलेल्या सुईला टोपण घालून मगच ती टाकायची, अशी तेव्हा बहुतेक सगळीकडेच सवय होती. डाव्या हातात टोपण, उजव्या हातात सुई. त्याच क्षणी कस्तुराबाईला हुडहुडी भरली, तिचं कोपर प्रतिभाच्या हाताला लागलं, आणि सुई टोपणात न जाता अंगठ्यात गेली.

मुगाएवढा एक लाल थेंब. एवढंच.

"काय न्हाई वन्सं, रोज टोचतंय," प्रतिभा हसून म्हणाली. कस्तुराबाईनं मात्र त्या थेंबाकडं पाहिलं आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला. ती गप्प राहू शकली असती. कुणाला कधीच कळलं नसतं. पण तिनं प्रतिभाचं मनगट धरलं, आणि विहिरीच्या तळातून यावा तसा तिचा आवाज आला.

"वैनी, मला ती पिडा हाय. त्यांच्याकडनं आलेली. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात तपासलंय. टीबी नव्हता त्यांना नुसता... जा, जा बाई, डॉक्टरीणबाईला सांग. माझ्यापायी उशीर करू नको."

सिस्टर फरहत धावत आली. पंचवीस वर्षं नोकरी झालेली, कुणाला घाबरवायची नाही आणि कुणाला सोडायचीही नाही, अशी बाई. "दाबू नकोस. चोखू तर अजिबात नकोस. नळाखाली धर. साबण लाव. धर अजून... रडायचं नंतर, आधी धुवायचं."

डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं आणि सावकाश समजावून सांगितलं. हजार जणींना अशी सुई टोचली, तर तिघी-चौघींनाच रोग लागतो. महिनाभर घ्यायच्या गोळ्या त्या संध्याकाळपर्यंत पुण्याहून मागवतील. आज रक्त तपासलं तर कागद साफच येईल, पण त्या कागदावर विसंबायचं नाही.

"आजच्या सुईचं उत्तर आजचं रक्त देत नाही, प्रतिभा. लागण झाली असली तरी तपासणीत दिसायला काही आठवडे जातात. आपण तीन महिने धरू. आणि हे नीट ऐक. जेव्हा तो कागदावर दिसत नसतो ना, तेव्हाच अंगात सगळ्यात जास्त वाढलेला असतो. तेवढे दिवस नवऱ्यापासून लांब राहायचं. आणि बाळाला अंगावर पाजायचं नाही. दुधातून जातो."

"आठ महिन्यांचं हाय हो माझं..."

"वाटी आणि चमचा. उकळलेलं पाणी, उकळलेलं दूध. जगतं बाळ. मी सांगते ना, जगतं."

बाहेर बाकावर कस्तुराबाई गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. प्रतिभा शेजारी बसली. मग कस्तुराबाई म्हणाली, "अंगणवाडीतनं काढतील मला. माझ्या हातचं कोण खाईल? पोरीला शाळेत शेजारी कोण बसवून घेईल? आबांचा सोभाव तुला ठावं हाय... वैनी, मी तुला मारलं आन् वर तुझ्याकडंच मागती हाय. पण कुणाला सांगू नको. गळ्याची आण हाय तुला."

आणि प्रतिभानं आण घेतली.

सुई टोचली, एवढं सांगणंसुद्धा मग अवघड झालं. कुणाची टोचली, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता, आणि त्या दिवशी ती नणंदेला घेऊन दवाखान्यात गेली होती हे घरच काय, अर्ध्या एसटीनं पाहिलं होतं. म्हणून तिनं देवाच्या नावाचा आडोसा घेतला. देवाला ती मनातल्या मनात रोज म्हणायची, देवा, तुझ्या नावावर खोटं बोलले, त्याची शिक्षा मला दे, लेकरांना देऊ नकोस.

गोळ्यांनी तिचं जग पाण्यावर ठेवल्यासारखं हलू लागलं. सकाळी उठलं की भीमेवरचं धुकं उसाच्या तुऱ्यांतून सरकत सरकत तिच्या डोक्यात शिरतं आहे असं वाटायचं. माणसांचे आवाज लांबून, पैलतीरावरून आल्यासारखे यायचे. अन्नाची चव गेली होती, पाण्याला लोखंडाचा वास येत होता. ती न्हाणीमागं जाऊन उलटी करायची, आणि कुशाबाई पाठीमागून म्हणायच्या, "पुन्हा दिवस गेलं का काय? व्हय, म्हणूनच तोडलंस व्हय पोराला? आसलं नवस म्या बापजन्मात ऐकलं न्हाईत."

दूध मात्र कुणाचं ऐकत नव्हतं. तिचा स्वराज रडला की यायचं, हौसाची पोर रडली की यायचं, वाटेनं कुणाचं करडू ओरडलं तरी यायचं. छाती दगडासारखी व्हायची. फाटकाशी लिंबोणीचं झाड होतं. फटफटताना, घर जागं व्हायच्या आधी, ती तिथं जाऊन बसायची आणि दूध पिळून मुळाशी सोडायची. माती ते घटाघटा पिऊन टाकायची. त्या अर्धवट उजेडात तिला वाटायचं, ही धरित्रीच आपल्या मांडीवर आहे, हिला काही होत नाही, हिच्या पोटात सगळं जिरतं, सगळ्यांचं विष आणि सगळ्यांचं दूध... आणि मग ती त्या ओल्या मातीवर हात फिरवायची, बाळाच्या टाळूवरून फिरवावा तसा.

एका पहाटे कुशाबाईंनी ते पाहिलं.

त्या लिंबोणीपाशी आल्या. आत हौसाची पोर भुकेनं रडत होती. रडणं कसलं, मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज. हौसाच्या छातीला गळू झालं होतं, पोरीच्या मांड्यांची कातडी लोंबत होती. आणि इथं ही बाई धारा मातीत सोडत होती.

"मातीला पाजतीस," कुशाबाई म्हणाल्या. "घरात लेकरू मरणाला टेकलंय, आन् तू मातीला पाजतीस."

त्या दिवसापासून त्या प्रतिभाशी बोलायच्या बंद झाल्या. तिच्या हातचा चहा घेईनात. आणि त्याच दिवसापासून प्रतिभानं हौसाच्या पोरीचं सगळं आपल्याकडं ओढून घेतलं, कुणी दिलं नसताना. फरहतनं शिकवलं होतं तसं पाणी खळखळ उकळायचं, वाटी-चमचा उकळायचा, हात धुवायचे, डब्यातली पावडर सपाट मापानं घालायची, बाळाला उभट धरून चमच्यानं ओठाशी थेंब थेंब ठेवायचा. एक पाजणं अर्धा-पाऊण तास चालायचं. दिवसातून आठ वेळा. कामावर जायच्या आधी, आल्यावर. मधल्या वेळचं तिनं हौसाला शिकवून ठेवलं. "जाऊबाई, तुम्ही पाजत न्हाई आन् जीव बी लावता," हौसा एकदा तापातच म्हणाली. "तुमचं मला काय कळंना झालंय." प्रतिभानं तिचा घाम पुसला. पोरगी चमच्यावर टिकली. मांड्या भरेनात, पण लोंबायच्या थांबल्या.

चैत्रात गावात हरिनाम सप्ताह बसला. प्रतिभाला कीर्तनाचा लहानपणापासून नाद. टाळ वाजले की तिचे पाय घरात ठरत नसत. संध्याकाळी ती स्वराजला मांडीवर घेऊन बायांच्या मागं, अगदी खांबाला टेकून बसली. मृदंग घुमू लागला, चिपळ्या झरझरू लागल्या, आणि बुवांनी त्या दिवशी कृष्णजन्मानंतरची कथा लावली. गोकुळात देखणी बाई आली, हाती कमळ, ओठी हसू, आणि छातीला विष. तिनं यशोदेच्या तान्ह्याला उचललं आणि अंगावर घेतलं...

पुढच्या रांगेतल्या भामाबाई मागं वळल्या. त्यांनी बसल्या जागेवरून प्रतिभाकडं पाहिलं आणि शेजारणीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "पूतना बरी बाई. तिनं पाजलं तरी."

गोळ्यांची गुंगी होती, मृदंगाचा नाद होता. प्रतिभाचे डोळे मिटले. मांडवातले दिवे लांब लांब जाऊन नदीवर सोडलेल्या द्रोणांसारखे हलू लागले. आणि तिला दिसलं, की ती बाई, गोकुळातली, दमून भागून येऊन तिच्या शेजारी खांबाला टेकली आहे. तिच्या हातातलं कमळ सुकलेलं आहे. ती म्हणाली, बाई गं, मला ठाऊक होतं माझ्या दुधात काय आहे, आणि तरी मी पाजलं. तुला तर ठाऊकही नाही तुझ्या दुधात काही आहे की नाही. तरी तू छाती बांधून बसलीस. कसं सोसतेस? प्रतिभा तिला म्हणाली, माझं पोर रडतं तेव्हा नाही सोसवत. ती बाई रडू लागली. म्हणाली, माझं शेवटी देवानंच शोषून घेतलं, विषासकट. तुझंही घेईल...

टाळ्यांच्या गजरानं तिला जाग आली. स्वराज मांडीवर झोपला होता. तिचे गाल ओले होते. बायांना वाटलं कथेला रडली, आणि एकदोघींना ते आवडलंही.

धुळाजीचं मन मात्र तिकडं कारेगावच्या खोलीवर शिजत होतं. रविवारी घरी यावं, तर बायको पोराला मधे घेऊन भिंतीकडं तोंड करून झोपायची. "नवस हाय," म्हणायची. आई सांगायची ते वेगळंच.

मग पोलिओचा रविवार आला. शाळेत डोस होता, आणि स्वराजचं कार्ड शोधता शोधता धुळाजीला ट्रंकेतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत एक घडी घातलेला कागद सापडला. प्रयोगशाळेचा. बायकोचं नाव, तारीख, आणि खाली ती तीन अक्षरं, जी त्यानं कंपनीच्या गेटवरच्या बोर्डावर लाल रिबिनीखाली पाहिली होती. पुढं लिहिलं होतं, निगेटिव्ह.

तो ओट्यावर आला तेव्हा सगळे तिथंच होते. आबा मेंढीच्या लोकरीचं जेन गुडघ्यावर टाकून बसले होते, कुशाबाई तांदूळ निवडत होत्या, हौसा पोरीला घेऊन भिंतीशी टेकली होती, कस्तुराबाई लेकीची वेणी घालत होती. प्रतिभा वाटीत पावडर कालवत होती.

"हे काय हाय?"

प्रतिभानं कागद पाहिला आणि वाटी खाली ठेवली.

"ही तपासणी कशापायी केली तू? कोण... कुणापायी केली?" पुढचं त्याला बोलवेना.

"काय लिवलंय त्यात?" आबांनी विचारलं.

"एड्सची तपासणी हाय. काय झालेलं न्हाई तिला. साफ हाय म्हणून लिवलंय."

कुशाबाईंनी तांदळाचं सूप बाजूला सारलं. कित्येक दिवसांनी त्या थोरल्या सुनेशी बोलल्या, आणि त्यांचा आवाज मऊ होता, तेच जास्त वाईट होतं. "साफ हाय? मग झालं की. घाबरली आसशील कशाला तरी, दवाखान्यातलं काम. झालं गेलं." त्यांनी हौसाकडून पोर घेतली आणि प्रतिभाच्या मांडीवर ठेवली. "आता एवढं पाज. म्या दुसरं काय इचारणार न्हाई. तपासणी कशाला केली, कुणापायी केली, कवाच इचारणार न्हाई. धुळा बी न्हाई इचारायचा. पाज माय माझी."

सगळं घर तिच्याकडं पाहत होतं. एवढंच करायचं होतं. पदर बाजूला घ्यायचा, आणि घर परत मिळणार होतं. नवरा, सासू, चूल, रविवार, सगळं. समोर साफ कागद होता. हजारांतल्या तिघी-चौघी कोण जाणे कुठल्या गावच्या असतील... पोरीनं तोंड वळवळवलं, चोळीचा वास घेतला आणि हुंकारली. आणि आटत आलेलं दूध, महिन्याभरानं, आपसूक आलं. चोळी ओली झाली. ते सगळ्यांना दिसलं.

प्रतिभानं डोळे मिटले. मग पोरीला छातीपासून लांब, गुडघ्यांवर घेतलं.

"ह्यो कागद त्या दिवसाचा हाय, आत्याबाई. माझ्या आजच्या रक्ताचा न्हाई. मला सुई टोचली त्याच दिवशी केलाय. त्यात काय दिसत न्हाई आन् दिसणार बी न्हाई. तीन महिनं झाल्याबिगर कुणाला सांगता येत न्हाई माझ्यात काय हाय ते. तवर मी हिला पाजलं, आन् उद्या निघालं, तर ह्या एवढ्याशा जिवाला मी माझ्या हातानं दिल्यागत व्हईल."

"सुई?" धुळाजी म्हणाला. "कुणाची सुई?"

तिनं पोरीचं डोकं सावरलं.

"त्या रोगाच्या माणसाची? कोण व्हतं?"

"आण हाय मला."

"नवरा हाय मी तुझा."

"म्हणूनच हात जोडते. इचारू नका."

आबांनी जेन बाजूला केलं. हा माणूस फार कमी बोलायचा आणि बोललेलं फिरवायचा नाही. "पहिलं नवस म्हणली. आता सुई म्हणती. उद्या आनिक काय म्हणंल. धुळा, हिची बॅग भर. उद्या बापाकडं घालव. पोरगं इथं ऱ्हाईल."

पोरगं इथं राहील, हे शब्द प्रतिभाच्या कानांवर पडले आणि तिच्या डोळ्यांपुढं ओटा, माणसं, लिंबोणी सगळं धुक्यात गेलं. पण तिनं आण मोडली नाही. ओठ आवळून धरले तिनं, दातांत रक्त आलं.

"तिची न्हाई, आबा," कस्तुराबाई म्हणाली. "माझी भरा."

तिनं लेकीची अर्धी वेणी हातातून सोडली. लेकीला म्हणाली, जा बाळा, स्वराजला झोळीत बघ उठलाय का. पोरगी आत गेली, मग ती उभी राहिली.

"सुई माझी होती. मला हाय त्यो रोग. पोरीच्या बापाकडनं आला. आन् पाचवीपासनं हिला तुम्ही सगळी जाळताय, आन् मी पोळ्या लाटत बसले. आण मीच घातली. हिनं एका शब्दानं सांगितलं आसतं, तर तिचं घर राहिलं आसतं आन् माझं गेलं आसतं. तिनं आपलं घालवलं. म्या थोरली बहीण, म्या घालवू दिलं."

कुशाबाईंचे हात मांडीवरच्या दोन तांदळांशी चाळा करत राहिले. हौसानं पदरात तोंड लपवलं. थोड्या वेळानं कुशाबाई उठल्या, लेकीच्या दिशेनं दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. आईच होती ती, पण भीतीही होती.

"ह्या हातचं रोज खाते मी, प्रतिभा," त्या सुनेकडं न बघता, लहान पोरासारखं म्हणाल्या. "काय व्हईल?"

"काय व्हत न्हाई, आत्याबाई. ताटानं न्हाई, पाण्यानं न्हाई, शिवण्यानं न्हाई, एका अंथरुणात झोपल्यानं न्हाई. रक्तानं जातो, नवराबायकोचा एकमेकांना जातो, आन् आईचा लेकराला जातो. खिचडीनं कुणाला व्हत न्हाई."

मग कुशाबाई गेल्या. लेकीचं डोकं धरून त्यांनी आपल्या खांद्यावर टेकवलं, आणि दोन वर्षांचं रडणं त्या खांद्यावर सांडलं. मागं वळून त्यांनी दुसरा हात प्रतिभाकडं केला. तिचा अंगठा हातात घेऊन उलटसुलट पाहू लागल्या. जखम कधीच बुजली होती, तिथं काहीसुद्धा नव्हतं.

"एवढं पोटात ठिवून माझ्या शिव्या खाल्ल्यास व्हय गं?" त्या म्हणाल्या. "तुला मातीत सोडताना बघितलं म्या... मला वाटलं, लेकराचा कंटाळा आला हिला. म्या किती न्हाई ते बोलले."

आबा अंगणाकडं पाहत होते. ते म्हणाले, "मेंढरांत रोग शिरला की आजारी मेंढरू कळपातनं भायेर काढत्यात. म्या जल्मभर काढलं. पर त्यो मेंढरांचा कायदा हाय." त्यांनी जेन पुन्हा गुडघ्यावर ओढलं. "कुणाची बी बॅग भरायची न्हाई. आन् आज जे झालं ते उंबऱ्याच्या भायेर जायचं न्हाई. ज्याच्या तोंडातनं गेलं, त्यानं माझ्या म्होरं यायचं न्हाई."

धुळाजी कागदाची घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घालत होता. "मला तरी सांगायचंस," तो पुटपुटला.

"तुम्ही कुणाची ते इचारलं आसतंत."

"व्हय. इचारलं आसतं." तो तिच्याजवळ बसला. पोरगी किरकिर करत होती. "दे ती वाटी. कशी धरायची सांग. आशी?"

"उभट धरा. सांडलं तर सांडू दे, घाई करू नका."

उरलेले दिवस त्या घरानं मिळून मोजले. कुशाबाई म्हणाल्या, तू देवापाशी खोटं बोललीस ना, आता त्याला खरं करून टाकू. आणि त्यांनी स्वतः तीन महिने पुरे होईपर्यंत गोड सोडलं. सहाव्या आठवड्याचा कागद साफ आला, तेव्हा प्रतिभाच म्हणाली, अजून नाही, आणि कुणी तिला पुढचं विचारलं नाही. दूध तोवर पुरतं आटलं. एका पहाटे ती सवयीनं उठली, आणि तिला कळलं की आता कुठं जायचं कारण उरलेलं नाही. ती अंथरुणात बसून स्वराजच्या श्वासाकडं पाहत राहिली. गेलं ते कुठलाच कागद परत देणार नव्हता. पण देवघरात कुणीतरी हळू आवाजात हरिपाठ म्हणत होतं. तिनं कान दिला. कुशाबाई होत्या. मधेच त्या थांबायच्या, कस्तुराचं नाव घ्यायच्या, प्रतिभाचं नाव घ्यायच्या, आणि पुन्हा सुरू करायच्या.

तीन महिने पुरे झाले त्या दिवशी कुशाबाई तिच्याबरोबर शिरूरला गेल्या. एसटीत त्यांना मळमळलं, पण त्या उतरल्यावरही काही म्हणाल्या नाहीत. प्रतिभा आत गेली आणि त्या बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. फरहतनं स्वतः कागद आणून दिला.

"वाच," ती म्हणाली. "मी वाचणार नाही. तुझा आहे, तू वाच."

प्रतिभानं वाचला. पुन्हा वाचला. मग तिनं फरहतच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि फरहत तिच्या पाठीवर थापटत राहिली. "बस, बस. अल्लानं ऐकलं. गोळ्या एकदाही चुकवल्या नाहीस, म्हणून त्याला ऐकायला सोपं गेलं." दोघी रडता रडता हसल्या.

प्रतिभा बाहेर आली तर कुशाबाई बाकावर नव्हत्या. त्या डॉक्टरीणबाईंच्या दारात, चपला बाहेर काढून, हात जोडून काहीतरी विचारत उभ्या होत्या. सुनेचा चेहरा पाहून त्यांना कळलं. त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली, आणि पुन्हा आत वळून आपलं विचारणं पुरं केलं.

मांडवगणच्या स्टँडवर, दुपारच्या उन्हात, कस्तुराबाई उभी होती. अंगणवाडीतून तशीच आलेली, हाताला हळद. सकाळपासून किती एसट्या तिनं पाहिल्या असतील कुणास ठाऊक. प्रतिभा पायरीवरून उतरली. कस्तुराबाईला विचारवेना.

"साफ हाय, वन्सं," प्रतिभा म्हणाली. "काय न्हाई मला. खरंच न्हाई."

कस्तुराबाई तिथंच, रस्त्याच्या कडेला, धुळीत खाली बसली. तीन महिने तिला स्वतःच्या मरणाचं काही वाटलं नव्हतं. या एका बाईच्या जिवाचं ओझं तिनं छातीवर धोंड्यासारखं वागवलं होतं, आणि आता ते उतरलं तेव्हा तिच्यानं उभं राहवेना. ती आवाज न करता रडत होती. भामाबाई पलीकडून पिशवी घेऊन चालल्या होत्या, त्या थबकल्या.

"काय झालं गं कस्तुरे? उनात काय बसलीस?"

"भोवळ आली तिला," कुशाबाई म्हणाल्या. "तुम्ही व्हा म्होरं." आणि भामाबाई गेल्यावर त्यांनी वाकून लेकीच्या काखेत हात घातला.

"ऊठ. उद्या साडेसातची यष्टी धरायचीय आपल्याला. डॉक्टरीणबाई पुण्याच्या मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी देणार हायेत. बरं व्हत न्हाई म्हणल्या, पर खोकला, ताप सगळ्याला औषध हाय, चांगली काळजी घेतली तर पोरीला मोठी झालेली बघशील म्हणल्या. भाकरी बांधून घिऊ. अंगणवाडीत सुट्टी सांग."

"आई, तू कशाला, तुला गाडी लागती..."

"लागू दे," कुशाबाई म्हणाल्या. "खिडकीची जागा मला दे म्हंजी झालं."